बिरूदादानं दिलेली सुट्टी

बिरू कधी पळाला नाही. फुटबॉलचा गडी आणि पळाला नाही म्हटल्यावर तुम्ही हसाल. हसा. पण वाळूजच्या पट्ट्यात ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं, ती माणसं अजून शपथेवर सांगतात, की हा बाबा गोलासमोर नळावर नंबर लावल्यासारखा उभा असायचा आणि बॉल आपल्या पायानं चालत त्याच्याकडे यायचा.

धनगराचं पोर ते. वाळूजच्या माळावर त्याच्या बापजाद्यांची मेंढरं चरत होती. तो माळ सरकारनं कारखान्यांसाठी घेतला, तारेचं कुंपण पडलं, आणि त्याची माय बानाबाई मेंढरं हाकत थेट औरंगाबादच्या छावणीपर्यंत जायला लागली. तिथं मैदानावर फौजी लोक फुटबॉल खेळायचे. एक दिवस त्यांचा एक गडी कमी पडला. सुभेदारानं कडेला काठी टेकून उभ्या असलेल्या बिरूला हाक मारली आणि गोलासमोर उभं केलं. त्या दिवशी एकाही फौज्याला त्याच्या बाजूनं जाता आलं नाही. सुभेदारानं विचारलं, हे कुठं शिकलास? बिरू म्हणाला, "शिकायचं काय त्यात? मेंढराच्या मागं पळतंय ते येडं. म्होरं जाऊन हुभा राहतोय तो धनगर."

पंच्याऐंशी साली वाळूजच्या एका कारखान्यात फुटबॉलची टीम निघाली. मालकाच्या मुलाला नाद होता, दुसरं कारण नाही. बिरूला हेल्पर म्हणून घेतलं आणि वर्षाच्या आत पर्मनंट केलं. पर्मनंट हा शब्द त्या काळी वाळूजमध्ये देवाच्या नावासारखा घेत. वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरलं की कायद्यानं माणसाचा हक्क लागायचा, म्हणून कंपन्या सातव्या महिन्यातच त्याला घरी बसवायच्या. त्याला म्हणायचे ब्रेक. ब्रेक संपला की पुन्हा नव्यानं पहिल्या दिवसापासून सुरुवात. आयुष्यभर पहिल्याच दिवसावर अडकलेली माणसं होती तिथं, दाढ्या पांढऱ्या झालेली. बिरू त्यातून सुटला तो पायांच्या जोरावर, आणि ते तो कुणाला विसरू द्यायचा नाही.

त्याचा खरा हुन्नर वेगळाच होता. फुटबॉलात एक कायदा आहे. आपल्या बचावाच्या फळीपलीकडे समोरचा गडी बॉलच्या आधीच जाऊन उभा राहिला आणि मग त्याला बॉल दिला, तर तो ऑफसाइड, म्हणजे बाद. बिरूनं काय करावं? समोरचा फॉरवर्ड फळीत मिसळून उभा आहे, त्याच्याकडे बॉल निघायची वेळ झाली, की हा तोंडानं मेंढरांना करतात तसा आवाज करायचा, हिर्रर्र! त्यासरशी फळीतले चौघे एकदम एक पाऊल पुढं. फॉरवर्ड बिचारा होता तिथंच उभा, आता एकटाच मागं राहिलेला. बिरू उजवा हात वर करून रेफ्रीकडे बघायचा. शिट्टी. कुणी त्याला धक्का दिला नाही, पाय घातला नाही, बोटसुद्धा लावलं नाही, आणि माणूस बाद. तो फॉरवर्ड इकडे तिकडे बघायचा की माझं चुकलं काय, आणि बिरूला त्याचं ते तोंड बघायला फार आवडायचं.

या खेळात एकाचा जीव टांगणीला असतो, तो म्हणजे मागं उभ्या असलेल्या गोलकीपरचा. पाऊल अर्ध्या सेकंदानं चुकलं तर फॉरवर्ड मोकळा आणि गोलकीपर एकटा. हा गोलकीपर होता सांडू. नाव ऐकूनच ओळखावं, सिल्लोडकडचा. तिथल्या एका गावच्या बौद्ध वस्तीतला. बिरूची चूक झाली की सांडू फॉरवर्डच्या पायात उडी घ्यायचा. एकदा गळ्याखालचं हंसळीचं हाड मोडलं, दोनदा दात पडले. पण कधी तक्रार नाही. मॅच संपली की पडलेला दात रुमालात बांधून म्हणायचा, "बिरूदादा, जरा लौकर हिर्र करीत जा ना राव." बिरूच्या घरी जेवायचा, बानाबाई त्याला वाढताना भाकरी मोजायची नाही. दोघांचं लई जमायचं, आणि हे मी मुद्दाम सांगतोय.

एक्क्याण्णवला बिरूचा गुडघा गेला. पर्सनलच्या, म्हणजे कामगारांची भरती-हजेरी बघणाऱ्या, साहेबानं त्याला टीमचा मॅनेजर केलं. पगार तोच, अंगात कामगाराचा निळाच ड्रेस, फक्त नाव मॅनेजर. पण मॅनेजरकी त्याला अशी मानवली की विचारू नका. कोण खेळणार, कोण बसणार, कोणाला सुट्टी, सगळं त्याच्या जिभेवर. साहेबानंच सांगितलं होतं, खेळाडूंच्या रजा तू बघत जा. तीन वर्षांत तीन कप. आता गडी त्याला विचारल्याशिवाय पाणी पीत नव्हते. फळीत उभे राहणारे बन्सी आणि रामकिसन, दोघेही शेतकऱ्याघरचे, तर त्याची सावली झाले होते.

सांडू मात्र टेंपररीच होता. सहा वर्षं, सहा ब्रेक. पण त्र्याण्णवच्या जूनमध्ये तो पुन्हा लागला आणि औद्योगिक स्पर्धेचे सामने जानेवारी संपेपर्यंत लांबले. गोलकीपर घरी बसवून चालणार नव्हतं, म्हणून सातव्या महिन्यातला ब्रेक राहून गेला. चौऱ्याण्णवचा जानेवारी उजाडला तेव्हा सांडूचे दोनशे चाळीस दिवस भरायला थोडेच दिवस उरले होते. तो रोज लॉकरच्या आतल्या बाजूला खडूनं रेघ मारायचा. एवढे दिवस पदरात पडले की पोरगा माणसात आला, एवढीच त्याची जन्माची मागणी होती.

आणि नेमकं त्याच महिन्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं.

आता हे प्रकरण इकडच्या माणसाला सांगायला नको. अठ्ठ्याहत्तर साली नावाचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. सांडूचं घर त्यात गेलं, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याची माय द्वारकाबाई पुढं नामांतरासाठी मोर्च्यात जायची, दोनदा तुरुंगात गेली. सोळा वर्षं ती विद्यापीठाच्या ज्या गेटासाठी भांडली, ते गेट तिनं पाहिलंच नव्हतं. दर वेळी पोलिसांनी तिला गेटाच्या अलीकडंच गाडीत घातलं.

तेरा तारखेला, गुरुवारी, कँटीनमध्ये चहा पिताना सांडू म्हणाला, "बिरूदादा, उद्या नाव होणार म्हणतेत. मायला गेट दाखवायचंय. गावाकडून आणायचं, परत पोचवायचं. दोन दिवस लागतेत."

"मग जा की," बिरू म्हणाला.

"कागद लिहून देऊ का अर्जाचा?"

"का रं? माझा शब्द कागदापरीस हलका हाय व्हय? जा. दोन दिवस मी बघतो."

बन्सी आणि रामकिसन बाजूलाच बसले होते. बन्सीनं बशी फुंकत फुंकत ऐकलं. त्याच्या गावात नामांतराच्या नावानं बोटं मोडत होते, त्यालाही ते पटलेलं नव्हतं. रामकिसननं सांडूला शेवटचं बिस्किट दिलं.

संक्रांतीच्या दिवशी नाव झालं. शहरात चौकाचौकांत पोलीस, अर्धी दुकानं बंद, कुठं जल्लोष तर कुठं चिडीचूप शांतता. सांडूनं मायला गेटासमोर नेलं. ती तिथं रस्त्यावरच मांडी घालून बसली आणि तासभर उठली नाही, असं तो नंतर सांगत होता. सोमवारी कामावर आला तर गेटवरच्या वॉचमननं त्याचं कार्ड काढून घेतलं.

आता बिरूकडं बघू. त्याला सकाळी आठलाच पर्सनलवाल्या साहेबानं बोलावलं होतं. टेबलावर एक टाइप केलेलं पत्र होतं. बिरूला स्पोर्ट्स मॅनेजर करायचं, स्टाफमध्ये घ्यायचं. म्हणजे पांढरा शर्ट, साहेबांचं कँटीन, स्टाफची बस, बजाजनगरात घर. साहेबानं ते पत्र त्याला वाचू दिलं. मग पत्रावर पेन ठेवून म्हणाला, "सही बाकी आहे. बिरू, तो सांडू दोन दिवस कुठं होता? तुला विचारून गेला होता का? नीट आठवून सांग, घाई नाही."

बघा, धमकी नाही की आवाज नाही. त्या साहेबाला जातीपातीशी देणंघेणं नव्हतं असं तो स्वतःच सांगायचा. त्याला फक्त एक पर्मनंट माणूस कमी पाहिजे होता. त्याला सांडूची हंसळी आठवली, रुमालातला दात आठवला, हे खरं आहे. पण पांढरा शर्ट त्याच्या डोळ्यासमोरून हलेना. हरामखोर मनाला कारणंही लगेच सापडतात. त्याला वाटलं, दुसरीकडं लागंल की सांडू, गडी तगडा हाय.

चौकशी दहा मिनिटांत उरकली. खोलीत साहेब, कारकून, सांडू, बिरू, बन्सी आणि रामकिसन. सांडू हसतच आला. त्याला वाटलं, कागदाचाच काही घोळ असेल.

"साहेब, मी विचारून गेलो. बिरूदादाला इचारा. ह्ये दोघं बी व्हते."

साहेबानं बिरूकडे पाहिलं. बिरू उभा राहिला. मैदानावर उभा राहायचा तसाच, पाय रोवून.

"मला विचारून गेला नाय, साहेब. खेळाडूंची रजा माझ्याकडं असती. यानं घेतली नाय."

मग बन्सी म्हणाला, "मला काय माहीत नाय." रामकिसननं बन्सीकडे पाहिलं, बिरूकडे पाहिलं, आणि खाली मान घालून तोही म्हणाला, "मला बी नाय." तिघांनी सही केली.

सांडूनं तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. फॉरवर्ड बघायचे तसंच. मग हळू म्हणाला, "गोलकीपरला नेहमी तुमच्या पाठीच दिसतेत, बिरूदादा. आज तोंड दिसलं." एवढं बोलून तो निघाला. लॉकरमधला शर्ट आणि जोडे घेऊ दिले, खडूच्या रेघा तिथंच राहिल्या. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला लॉकर मिळालं, त्यानं ओल्या फडक्यानं पुसून घेतल्या.

तुम्ही म्हणाल, आता फायनल हरले असतील. कशाचं हरतात! दोन शून्यानं जिंकले. नव्या गोलकीपरच्या हाताला बॉल लागलासुद्धा नाही. कप बिरूच्या हातात दिला तेव्हा फटाके फुटले. देव बघतो म्हणतात. त्या दिवशी बघत असेल तर मॅचच बघत असेल.

बिरू पेढे घेऊन कुंपणाबाहेरच्या माळावर आईच्या पालावर गेला. बानाबाईनं पेढा हातात घेतला आणि विचारलं, "सांडू कुठाय रं?"

"त्याला ब्रेक भेटला, माय."

"मंग परत कवा येतंय पोरगं?"

बिरू पुड्याची दोरी बोटाला गुंडाळायला लागला. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं आणि पेढा मेंढराच्या कोकरापुढं धरला. बजाजनगरच्या घरात राहायला ती कधी आली नाही. पालावरच मेली.

पुढची बारा वर्षं बिरूची होती. पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी, ऑफिसात कपांचं काचेचं कपाट. आणि दर वर्षी कुणाचे ना कुणाचे दिवस भरत आले की पर्सनलवाल्याचा निरोप यायचा, "बिरू, जरा वर ये." बिरू वर जायचा, सांगायचा, सही करायचा. पहिल्यांदा जेवण गेलं नव्हतं. नंतर नंतर तो सही करून थेट साहेबांच्या कँटीनला जायचा. नव्या पोरांना शिस्त शिकवताना तो सांडूची गोष्ट सांगायचा. "एक गोलकीपर होता आमचा. हिऱ्यासारखा गडी. पण न विचारता गेला, आणि जन्माचं नुकसान करून घेतलं." ही गोष्ट त्यानं इतक्या वेळा सांगितली, की सांगता सांगता त्यालाच ती खरी वाटायला लागली. कँटीनमधला तो गुरुवारचा चहा त्याच्या डोक्यातून साफ पुसला गेला. आणि माणसं खोटं बोलतात त्याचं मला काही नाही, पण स्वतःचं खोटं विसरतात त्यांची मला भीती वाटते.

दोन हजार सहाला मालक बदलला. नव्या मालकाला फुटबॉलचा फ म्हटलं की जांभई यायची. कपांचं कपाट भंगारात गेलं आणि बिरूच्या हातात एका पानाचं पत्र आलं. उद्यापासून येऊ नका. वय सेहेचाळीस, पोरीचं लग्न ठरलेलं, गुडघा निकामी. बिरू युनियनकडे धावला. युनियनचा सेक्रेटरी होता बन्सी.

बन्सी खुर्चीतून उठला नाही. म्हणाला, "साहेब, ही युनियन कामगारांची. तुम्ही स्टाफ. तुम्ही आमच्यात कवा व्हता?"

बिरूनं कामगार कोर्टात दावा लावला. वकिलानं कागद पाहिले आणि डोकं खाजवलं. म्हणाला, "कायदा कामगाराला वाचवतो, मॅनेजरला नाही. तुम्ही नावाचेच मॅनेजर होता, कुणाला सुट्टी द्यायचासुद्धा अधिकार तुम्हाला नव्हता, हे शाबीत करावं लागेल. शाबीत झालं तर नोकरी परत. नाही झालं तर हात हलवत घरी. आणि कंपनीनं तुमची एक जुनी सही काढलीय. चौऱ्याण्णवची. रजा माझ्याकडे असते, असं लिहून दिलंय तुम्ही."

बिरूनं विचार केला. लिहिलं होतं खरं. पण त्याच कागदावर हेही लिहिलं होतं, की सांडूला रजा दिली नव्हती. मग सांडूनंच येऊन सांगावं, की या माणसानं मला कधी सुट्टी दिली नाही, सुट्टी देणं त्याच्या हातातच नव्हतं. ज्याची रजा नाकारली त्याच्याइतका पक्का साक्षीदार कुठला? वकील म्हणाला, तो येईल का? बिरू म्हणाला, "येईल. भोळा गडी हाय."

चिकलठाण्यात जालना रोडला सांडूचं पंक्चरचं दुकान होतं. केस पांढरे झाले होते, पण हात तेच, बॉल पकडायचे तसे टायर पकडणारे. बिरूला पाहून तो चकित झाला नाही. दुकानामागंच घर होतं. आत खाटेवर द्वारकाबाई बसली होती. डोळ्यांनी कमी दिसत होतं.

"कोण आलंय रं?"

"बिरूदादा, माय. कंपनीतला."

म्हातारी खाटेवरून उतरली. चाचपडत आली आणि बिरूच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. "लेकरा, तू सुट्टी दिली म्हणून म्या ते गेट पाह्यलं. पोरगं सांगत व्हतं, बिरूदादा म्हनला जा, मी बघतो. तवापासून तुझं नाव घेते मी. नंतर ती कंपनी का बंद पडली रं? पोराची नोकरी गेली."

बिरूला वाटलं, म्हातारीला वयानं काहीबाही आठवतंय. सांडू टायरमध्ये हवा भरत होता. त्यानं वर पाहिलं नाही. हवा भरतानाच म्हणाला, "मायला मी दुसरं काय सांगणार व्हतो?"

इथं तरी माणसानं उठून जावं. पाया पडावं, रडावं, काहीतरी करावं. पण बिरू चहा प्याला, बशी खाली ठेवली आणि कोर्टाचं सांगितलं. "एवढंच बोलायचंय सांडू, की मी तुला सुट्टी दिली नव्हती. जे कागदावर हाय तेच. खरं तेच."

सांडूनं हात फडक्याला पुसले. म्हणाला, "येतो. खरं असंल तेच सांगतो."

बिरू खूश होऊन परतला. वाटेत पोरीसाठी बांगड्या घेतल्या.

कोर्टात गर्दी नव्हती. एक जज्ज, एक टायपिस्ट, दोन वकील. कंपनीनं साक्षीदार म्हणून युनियनच्या बन्सीलाही आणलं होतं, तो मागच्या बाकावर बसला. सांडू इस्त्रीचा शर्ट घालून पिंजऱ्यात उभा राहिला. बिरूच्या वकिलानं विचारलं, "चौऱ्याण्णवच्या जानेवारीत तुम्ही दोन दिवस गैरहजर होता. या बिरूनं तुम्हाला सुट्टी दिली होती का?"

सांडूनं बिरूकडे पाहिलं. नीट, तोंडाकडे.

"व्हय," तो म्हणाला. "दिली व्हती."

वकिलाच्या हातातला कागद तसाच राहिला. कंपनीचा वकील उठला, अगदी गोड आवाजात त्यानं विचारलं, "म्हणजे रजा देण्याचा अधिकार यांना होता?"

"व्हता. अर्जसुद्धा लागायचा नाय. माझा शब्द कागदापरीस हलका हाय व्हय, असं म्हनला व्हता. त्याच्या शब्दावर माझ्या मायनं गेट पाह्यलं. ह्यो बन्सी तिथंच बशी फुंकीत बसला व्हता, इचारा त्याला."

जज्जनं चष्म्यावरून मागच्या बाकाकडे पाहिलं. बन्सी उठला. घसा खाकरून म्हणाला, "व्हय साहेब. मी ऐकलं व्हतं. दिली व्हती सुट्टी."

तेव्हा कुठं बिरूला तो गुरुवार आठवला. चहा, बशी, शेवटचं बिस्किट, सगळंच्या सगळं. तो धडपडत उठला, गुडघा कचकन वाजला, आणि त्याचा उजवा हात आपोआप वर गेला, मैदानावर जायचा तसा.

"साहेब, खोटंय! मी दिली नव्हती!"

हात वरच राहिला. जज्जनं त्याला खाली बसायला सांगितलं आणि टायपिस्टकडे वळून म्हणाला, "लिहा. रजा दिली होती." टायपिस्टनं लिहिलं. सांडू पिंजऱ्यातून उतरला, बिरूच्या बाजूनं गेला, आणि दुकान उघडायचं म्हणून चिकलठाण्याच्या बसमध्ये चढला.